'क्लास' या शब्दाचे अर्थ आणि बहिष्कृतांचा इतिहास

इंग्रजी राजवटीबरोबर जे शब्द मराठीत आले त्यांपैकी काही कोर्टकचेरीतच राहिले, तर काही थेट घराघरांत शिरले. 'क्लास' हा दुसऱ्या प्रकारचा शब्द आहे. मुले संध्याकाळी क्लासला जातात, परीक्षेत फर्स्ट क्लास मिळवितात, शासनाने कागदोपत्री 'गट अ' असे नाव दिलेला अधिकारी लोकांच्या तोंडी अजून 'क्लास वन'च असतो, आणि एखादी गोष्ट फार आवडली की आजचा तरुण तिलाही 'क्लास' म्हणून मोकळा होतो. याच शब्दाचा आणखी एक उपयोग आहे व तो आपल्या समाजाच्या जीवनाशी निगडित आहे. 'डिप्रेस्ड क्लासेस', 'बॅकवर्ड क्लास', 'बी. सी.', 'ओ. बी. सी.' या नावांतला 'क्लास' कोणता? शिकवणीचा, आगगाडीच्या डब्याचा की कार्ल मार्क्सचा? प्रश्न शब्दकोशाचा वाटतो. पण या शब्दाचा अर्थ कोणता घ्यावयाचा यावर गेल्या शंभर वर्षांत मतदारसंघ, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या अवलंबून राहिल्या आहेत. म्हणून त्याचा इतिहास थोड्या तपशिलाने पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

शब्द मूळचा लॅटिन. 'क्लासिस' म्हणजे हाक देऊन गोळा केलेला जमाव, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. रोमच्या परंपरेनुसार सर्व्हियस टुलियस या राजाने नागरिकांची मोजणी करून मालमत्तेप्रमाणे त्यांचे पाच 'क्लासिस' पाडले. कोणी कोणती शस्त्रे घेऊन युद्धाला यावे हे त्यावरून ठरे आणि मतदानही त्याच हिशेबाने होई. एकूण १९३ मतगट मानले जात. त्यांपैकी घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या वर्गाचे ८० असे ९८ गट श्रीमंतांच्या हाती होते. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते अशा अगणित लोकांना मिळून एक गट होता. मोजणी वरून सुरू होई आणि बहुमत झाले की थांबे. खालच्यांना मत होते, पण ते देण्याची पाळी क्वचितच येई. मताधिकार देऊनही तो निष्प्रभ कसा करावा याचा हा जुना नमुना आहे. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस या लेखकाने तर हीच करआकारणीची भाषा वाङ्मयाला लावली: उत्तम लेखक तो 'क्लासिकस', म्हणजे वरच्या करदात्यांच्या वर्गातला, आणि सामान्य तो 'प्रोलेतारियस'. आपण ज्या ग्रंथांना आदराने 'क्लासिक' म्हणतो त्या शब्दाच्या मुळाशी अशी संपत्तीची मोजदाद आहे.

इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा प्रथम रोमच्या इतिहासापुरता होता. मग शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या गटाला तो लागला, आणि निसर्गातील वस्तूंची प्रतवारी करणाऱ्यांनीही तो उचलला. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ साली सृष्टीची जी मांडणी प्रसिद्ध केली तीत 'क्लास' ही एक ठरलेली पायरी आहे. आकार, अवयव, पुनरुत्पादनाची रीत यांवरून प्राण्यांचे व वनस्पतींचे वर्ग करता येतात. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे वासेट्ठसुत्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांच्यात जातिभेदाची चिन्हे शरीरावरच दिसतात, माणसांत तशी चिन्हे दिसत नाहीत. माणसाला शेतकरी, व्यापारी, कारागीर ही नावे कामावरून मिळतात, असे भगवान बुद्धांनी त्या सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांना समजावून दिले आहे. वर्गीकरण कोठे लागू पडते आणि कोठे पडत नाही याची ही मर्यादा लिनियसच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी सांगितली गेली होती.

समाजातील थरांना इंग्रजीत पूर्वी 'रँक', 'ऑर्डर', 'डिग्री', 'इस्टेट' असे शब्द होते. माणूस ज्या पायरीवर जन्मला ती त्याची, असा त्यांचा ध्वनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्रयुग आले, पैसा जुन्या घराण्यांकडून गिरणीमालकांकडे सरकू लागला, आणि जन्मापेक्षा कमाईवर ठरणाऱ्या थरांसाठी 'क्लास' हा शब्द रुळला. रॉबर्ट ओवेनच्या १८१३ च्या सुमाराच्या लेखनात 'कामकरी वर्ग' या अर्थाचा प्रयोग आढळतो, आणि १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याने त्याला जगभर पोहोचविले. या नव्या अर्थात एक गोष्ट गृहीत होती: वर्गाची भिंत ओलांडता येते. कामगाराचा मुलगा मालक होणे अवघड असेल, पण त्यास धर्माची मनाई नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली तेव्हा आगगाडीबरोबर डब्यांचे वर्गही आले, आणि तेथेही नियम हाच: जास्त पैसे मोजा, वरच्या वर्गात बसा. १९७४ साली 'थर्ड क्लास' हे नाव रेल्वेने काढून टाकले.

वर्ग आणि जात यांतील हा फरकही तथागतांच्या उपदेशात आलेला आहे. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात सोळा वर्षांचा एक विद्वान ब्राह्मण तरुण ब्राह्मणवर्णाचे श्रेष्ठत्व प्रतिपादण्यास आला असता भगवंतांनी त्याला विचारले की, योन आणि कंबोज या सरहद्दीच्या देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तेथे मालकाचा दास होतो व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? अस्सलायनाने होय म्हटले. प्रश्नातच उत्तर होते. जी व्यवस्था एका देशात बदलती आहे ती दुसऱ्या देशात ब्रह्मदेवाच्या मुखातून निघालेली कशी असेल? योन-कंबोजांकडे जे होते त्याला आज इंग्रजीत 'क्लास' म्हणतील. गंगेच्या खोऱ्यात जे घट्ट होत चालले होते त्यासाठी पुढे पोर्तुगीजांनी आपला 'कास्ता' हा शब्द वापरला व इंग्रजांनी त्याचे 'कास्ट' केले. दासप्रथेचे गुणगान करण्याचा भगवंतांचा हेतू नव्हता हे सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 'क्लास' हा शब्द पहिल्यांदा भेटला असेल तो शाळेत, आणि तेथेही तो त्यांच्या वाट्याला पुरता आला नाही. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावयाचे, आणि शाळा सुटल्यावर तो तुकडा परत न्यावयाचा: वर्गात असून वर्गाबाहेर. १९०१ साली ते भावंडांसह वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. मुले नीटनेटक्या कपड्यांत होती, तिकीट काढून आली होती, भाड्याचे पैसे त्यांच्याजवळ होते. जात कळली तेव्हा स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर एकाने दुप्पट पैसे घेऊन गाडी दिली ती मुलांनीच हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. ज्याच्या हाती पैसा त्याला वरचा डबा, हा आगगाडीचा नियम स्थानकाच्या दारातच संपला होता.

या अनुभवाला शास्त्रीय रूप मिळाले ते १९१६ साली. ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यातील प्रतिपादन असे की, प्रत्येक समाजात वर्ग असतात, हिंदू समाजातही प्रथम वर्गच होते आणि गुणानुसार माणूस एकातून दुसऱ्यात जाऊ शकत असे. पुढे पुरोहितवर्गाने आपल्यातच विवाह करण्याचा निर्बंध घालून स्वतःचे दार बंद केले. इतरांनी काही अंशी अनुकरणाने आपली दारे बंद केली, आणि काहींच्या तोंडावर ती बाहेरून बंद झाली. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, असे या सिद्धान्ताचे सार सांगता येईल. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. 'क्लास' आणि 'कास्ट' यांतील नाते यापेक्षा नेमके कोणी मांडले असल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. ज्यांना जात म्हणजे केवळ गरिबी वाटते आणि ज्यांना जातीचा पोटापाण्याशी संबंधच दिसत नाही, अशा दोघांनाही हा निबंध उत्तर देतो.

सरकारी दप्तरात मात्र 'क्लासेस' हा शब्द वेगळ्याच, ढिल्या अर्थाने वावरत होता. इंग्रज अंमलदार 'शेतकरी क्लासेस', 'लढवय्या क्लासेस' असे सर्रास लिहीत. अर्थ एवढाच की अमुक प्रकारचे लोक. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव त्याच वळणाचे. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत जी संस्था काढली तिच्या इंग्रजी नावात हेच शब्द होते, तर मराठीत ती 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' म्हणून ओळखली गेली. शिंदे यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण शब्द बोलके आहेत. 'निराश्रित' म्हणजे ज्याला आधार नाही तो. 'डिप्रेस्ड' म्हणजे दाबलेला. कोणी दाबले हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापिलेल्या सभेला आणि १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत' हे नाव दिले. बहिष्कार आपोआप पडत नाही, तो कोणीतरी घालतो. त्या एका मराठी शब्दाने आरोपी उभा केला.

मराठीने 'क्लास'साठी जो शब्द निवडला तो 'वर्ग'. शाळेतला वर्ग तोच, व्याकरणातील क-वर्ग तोच, गणितातही तोच, आणि बँकेत रक्कम 'वर्ग' होते तीही त्याच शब्दाने. संस्कृतात त्याची व्युत्पत्ती 'वृज्' या धातूपासून देतात. 'वर्ज्य' आणि 'वर्जन' ही त्याचीच भावंडे. वेगळे काढणे, टाळणे हा मूळ भाव.

'डिप्रेस्ड क्लासेस'च्या सैल अर्थाने प्रत्यक्ष नुकसान कसे होत होते ते १९३२ च्या मताधिकार समितीपुढे उघड झाले. लॉर्ड लोथियन अध्यक्ष असलेल्या या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांना वेगळे प्रतिनिधित्व मिळणार असे दिसताच उत्तरेकडील अनेक प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी आहे, किंवा आमच्याकडे ते नाहीतच, असे सांगितले जाऊ लागले. 'क्लास' म्हणजे आर्थिक थर असा अर्थ धरला तर गरीब सर्वच जातींत आहेत, मग वेगळी गणना कशाला, हा युक्तिवाद सोयीचा होता. बाबासाहेबांनी १ मे १९३२ च्या आपल्या टिपणात आग्रह धरला तो असा की, ही संज्ञा अस्पृश्यांपुरतीच असावी आणि कसोटी अस्पृश्यतेचीच असावी. प्रत्यक्ष स्पर्शाचा विटाळ एखाद्या शहरात मानला जात नसेल, तरी मनातील विटाळही मोजला पाहिजे. त्याआधी १९११ च्या जनगणनेत दहा कसोट्या लावून ही गणना करण्याचा प्रयत्न झाला होता. ब्राह्मण पुरोहित मिळतो की नाही, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश आहे की नाही, स्पर्शाने विटाळ होतो काय, असे ते प्रश्न होते. त्यांत उत्पन्नाचा प्रश्न नव्हता.

नावाबद्दलही बाबासाहेब समाधानी नव्हते. नोव्हेंबर १९३१ मध्ये दिवाणबहादूर आर. श्रीनिवासन यांच्यासह गोलमेज परिषदेला दिलेल्या पुरवणी निवेदनात त्यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव बदलण्याची मागणी केली आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' असे पर्याय सुचविले. ते पर्याय रुजले नाहीत. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी 'बाह्य जाती' असा शब्द चालविला आणि १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द कायम केला. त्या कायद्याच्या व्याख्येत गंमत अशी की, पूर्वी 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांशी ज्या जाती जुळतील त्या शेड्यूल्ड कास्ट्स, असे म्हटले आहे. म्हणजे 'क्लास'चे भाषांतर सरकारने अखेर 'कास्ट' असे केले.

याचा अर्थ बाबासाहेबांनी आर्थिक वर्गाचा विचार बाजूला सारला असा कोणी करू नये. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्थापन केलेला पक्ष 'स्वतंत्र मजूर पक्ष' होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप घडवून आणला. परंतु कामगारवर्ग एक आहे हे म्हणण्यापूर्वी तो एक का नाही हे ते दाखवीत. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात पगार चांगला. पण तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ नको म्हणून सवर्ण कामगार त्याला त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी नाइलाजाने तो मागण्यांत घेतला. मालकांचे म्हणणे असे की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही! त्यांच्या पुरते ते खरेही होते. मनमाडच्या भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतील उदाहरण दिले: अस्पृश्य बहुधा गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करावे लागते. जातीने श्रमांची वाटणी केली नाही, श्रमिकांचीच केली, हा १९३६ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथातील सिद्धान्त अशा अनुभवातून आलेला आहे. पुढे १९७३ साली दलित पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाखाली भूमिहीन मजूर, कामगार, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले, आणि त्यावरून चळवळीत जी फूट पडली तिच्या मुळाशीही वर्ग की जात, मार्क्स की बुद्ध, हाच वाद होता. तो वाद त्या वेळी ज्या कडवटपणे झाला तितका होण्याचे कारण नव्हते असे आमचे मत आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये सिद्धार्थाच्या चिंतनात बाबासाहेबांनी 'क्लास' हाच शब्द योजला आहे: राष्ट्राराष्ट्रांतील संघर्ष अधूनमधून होतो, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चालतो आणि जगाच्या दुःखाचे मूळ त्यात आहे, असा त्या विवेचनाचा आशय. येथे हा शब्द जात आणि आर्थिक थर दोहोंना पोटात घेतो.

संविधानात 'क्लास' आला तो 'मागास' या विशेषणासह. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या तेव्हा ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सारे, अशी व्याख्या केली होती. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सदस्य होते, १९३० साली मागासवर्गाचे तीन भाग सुचविले: अस्पृश्य, आदिवासी आणि इतर मागासवर्ग. संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी 'मागास' म्हणजे कोण हे सदस्यांनी वारंवार विचारले. बाबासाहेबांनी उत्तर दिले की ते त्या त्या सरकारने ठरवावे. आणि हे विशेषण घातले नाही तर अपवादच नियमाला खाऊन टाकील. 'क्लास' म्हणजे काय हे त्यांनी पुढे १९५१ साली सांगितले. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जातवार जागावाटप रद्द केल्यावर पहिली घटनादुरुस्ती आली. त्या चर्चेत त्यांनी लोकसभेपूर्वीच्या हंगामी संसदेत स्पष्ट केले की, ज्यांना मागासवर्ग म्हणतात ते काही जातींचे समूहच आहेत.

न्यायालयांना ते पटण्यास चाळीस वर्षे लागली. १९६२ च्या बालाजी खटल्यात जात ही मुख्य कसोटी असू शकत नाही असे ठरले. १९६८ च्या राजेंद्रन खटल्यात जात हाही नागरिकांचा वर्ग असतो असे म्हटले गेले. मंडल प्रकरणी, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मान्य केले की जात हा सामाजिक वर्ग असू शकतो आणि पुष्कळदा असतोच. कोलंबियातील निबंधाला तेव्हा ७६ वर्षे झाली होती.

त्यानंतरचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. २०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरविली. आर्थिक निकषावर दहा टक्क्यांपर्यंत राखीव जागा देणाऱ्या या तरतुदीत 'क्लास' हा शब्द लाभधारकांसाठी वापरलेलाच नाही. त्यांना 'दुर्बल घटक' म्हटले आहे, आणि आधीच्या कलमांतील 'क्लासेस' त्यातून वगळले आहेत. ज्या शब्दाचा युरोपातील अर्थ मुळात आर्थिक, तो आपल्या संविधानात आर्थिक लाभापासून वगळण्याची खूण झाला. अनुसूचित जातीतील गरीब हा कितीही गरीब असला तरी त्या 'घटका'त बसत नाही. शब्दाचा एवढा उलटा प्रवास आम्हांस इतरत्र आढळला नाही. १ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालात प्रश्न होता तो अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग आहे काय. २००४ च्या चिन्नय्या निकालाने तसे मानले होते. सात न्यायाधीशांपैकी सहांनी ते मत फिरविले आणि राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा दिली. यावर आपल्या चळवळीत एकमत नाही, आणि या लेखात ते आम्ही ठरवू इच्छित नाही.

बौद्धांपुरती एक बाब राहते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असणे आवश्यक ठरविले होते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. धर्मांतरित बौद्धांना महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती आधीच दिल्या होत्या, तरी केंद्राच्या सेवांसाठी त्यांना १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दार उघडले, पण ज्या वर्गात प्रवेश मिळाला त्याची ओळख जातीनेच पटते. म्हणून दीक्षाभूमीवर ज्यांच्या आजोबांनी जात सोडली त्यांच्या नातवाच्या दाखल्यावर बौद्ध धर्माची नोंद येते, आणि तिच्याच शेजारी सोडलेल्या जातीचे नाव येते.